अखंड वीज आणि बिघाडाचा माग

अकोल्याहून अकोट, अडगाव, हिवरखेड, वान रोड अशी स्थानके घेत मीटरगेज गाडी सातपुड्यात शिरत असे आणि धूळघाटजवळ आपल्याच रुळांवरून वळसा घेऊन खांडव्याकडे उतरत असे. स्वातंत्र्यानंतर बांधलेल्या या मार्गाने उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे मीटरगेज जाळे एकमेकांना जोडले. यातले हिवरखेड म्हणजे अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले, ज्याला हिवरखेड रूपराव असेही म्हणतात ते. (अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडेही एक हिवरखेड आहे. वऱ्हाडात एका नावाची दोन गावे असणे हा नियमच म्हणावा लागेल.) आज आपल्याला गाडीविषयी बोलायचे नाही. अशा एकेरी मार्गावरच्या लहानशा स्थानकात, गावात वीज असो वा नसो, एक विद्युतयंत्र मात्र रात्रंदिवस चालू राहावे लागते. ते कशावर चालत असे, आणि बंद पडले तर बिघाड कसा शोधत असत, हा आपला विषय आहे. कारण आज संगणक कक्षात, शस्त्रक्रियागृहात आणि अणुवीज केंद्रात जी 'मॉड्यूलर यूपीएस' नावाची कपाटे उभी असतात, त्यांची कुळकथा याच लाकडी पेटीतल्या घटांपर्यंत मागे जाते.

एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत म्हणून काय करावे? इंग्लंडमध्ये १८७४ साली नॉर्विचजवळच्या थॉर्प येथे नेमकी अशीच टक्कर झाली. तारेने पाठवलेल्या निरोपाच्या घोटाळ्यामुळे दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर सोडल्या गेल्या होत्या. त्यानंतर १८७८ साली एडवर्ड टायर यांनी विजेने कुलूपबंद होणारी एक योजना पुढे आणली. दोन शेजारच्या स्थानकांत एकेक यंत्र; दोन्ही तारेने जोडलेली. पलीकडच्या स्टेशनमास्तराने आपल्या यंत्रातून विद्युतप्रवाह पाठवला तरच अलीकडच्या यंत्रातून खूण बाहेर निघते, आणि ती एकदा बाहेर निघाली की दोन्हीपैकी एका यंत्रात परत जाईपर्यंत दुसरी खूण निघत नाही. ती खूण ज्या चालकाच्या हातात, त्याचाच मार्ग. आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर याच तत्त्वाचे 'नील'चे गोळ्याचे टोकन यंत्र सर्रास वापरात होते. वेताच्या कड्याला अडकवलेल्या कातडी पिशवीतला तो लोखंडी गोळा पळत्या गाडीतून झेलताना पाहिलेली पिढी अजून वऱ्हाडात आहे.

या यंत्राला वीज लागे ती अगदी थोडी, तीही क्षणभर. म्हणून तिथे लेक्लांशे यांचा १८६६ सालचा घट शोभून दिसे. जस्त, कार्बन, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे द्रावण. दाब सुमारे दीड व्होल्ट. सतत प्रवाह काढला तर हा घट दमतो, विसावा दिला की पुन्हा सावरतो. टोकन यंत्राचे काम विसाव्याचेच. मार्ग लांब असेल तर दहा-बारा घट एकसर जोडावेत, जवळ असेल तर कमी. एक घट संपला तर तेवढा काढून दुसरा ठेवावा. 'मॉड्यूल' हा शब्द स्टेशनमास्तरांच्या कानावर पडलेला नसला तरी कल्पना हीच आहे: मोठा स्रोत एकाच तुकड्यात न घेता सारख्या लहान तुकड्यांनी बनवायचा आणि बिघडेल तो तुकडा बदलायचा.

पण कोणता तुकडा बिघडला हे कसे कळावे?

इथे तारायंत्राच्या इतिहासाकडे वळावे लागते. भारतात विल्यम ओ'शॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्यात प्रयोग केले, १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली आणि १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली. शेकडो मैलांची तार. वाटेत नद्या, जंगले, वानरे आणि पावसाळा. तार तुटते, झाडाला टेकते, चिनी मातीच्या टोपीला तडा जाऊन जमिनीत प्रवाह गळतो. मुंबईत बसलेल्या माणसाला एवढेच कळते की उत्तर येत नाही. एका टोकापासून चालत जाऊन प्रत्येक खांब पाहणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे मधल्या ठाण्यावर जाऊन दोन्हीकडे तपासणे. बिघाड ज्या अर्ध्यात असेल त्याच्या मध्यावर पुन्हा तपासणे. हजार खांबांत एक बिघडलेला खांब असेल तर या रीतीने तो दहा तपासण्यांत सापडतो, कारण दोनचा दहावा घात १०२४ आहे. गणिताच्या शिक्षकांनी घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. शब्दकोशात शब्द शोधताना आपण नकळत हेच करतो.

त्याहून सुंदर रीत व्हीट्स्टन सेतूवर आधारलेली आहे. दोन ठाण्यांत दोन समांतर तारा आहेत आणि त्यांतली एक वाटेत कुठेतरी जमिनीला टेकली आहे असे समजा. पलीकडच्या ठाण्यावर दोन्ही तारांची टोके एकमेकांना जोडायची. आता अलीकडच्या ठाण्यातून पाहिले तर ही एकच लांब तार झाली आणि टेकलेला बिंदू तिचे दोन भाग करतो. सेतूच्या दोन भुजांचे प्रमाण बदलत गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचा. ठाण्यांत २० किलोमीटर अंतर असेल तर एकूण तार ४० किलोमीटर; काटा १ ला ४ या प्रमाणावर शून्यावर आला तर बिघाड ४० चा पाचवा हिस्सा, म्हणजे ८ किलोमीटरवर आहे. खुर्चीवरून न उठता! तिथला जमिनीचा रोध किती आहे हे माहीत असण्याची गरज नाही, हे या पद्धतीचे मर्म. तो रोध सेतूच्या भुजांत येतच नाही. बिघाड शोधणे हे कसबी कामगाराच्या अंगच्या हुशारीवर सोडून न देता मोजमापाचे शास्त्र बनले ते इथे, आणि विज्ञानाच्या इतिहासाच्या पुस्तकांत या गोष्टीला तिच्या योग्यतेएवढी जागा मिळत नाही असे आम्हाला वाटते.

तारेनंतर टेलिफोन आला. सुरुवातीला प्रत्येक ग्राहकाच्या घरी त्याची स्वतःची बॅटरी असे. ती उतरली की फोन मुका. १८९० च्या दशकात सगळी बॅटरी केंद्रात नेण्याची पद्धत अमेरिकेत रुळली आणि पुढे जगभर ४८ व्होल्ट हा दाब प्रमाण झाला. या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडतात. ओलाव्यात तार धन असली तर विद्युत अपघटनाने तांबे विरघळते. तार ऋण ठेवली की ती टिकते. रसायनशास्त्राचा एवढा लहानसा नियम जगभरच्या दूरध्वनी केंद्रांत पाळला गेला.

या केंद्रात प्लांटे यांच्या १८५९ सालच्या शिशाच्या घटाचे वंशज रांगेने मांडलेले असत. महत्त्वाचे आहे ते त्यांना जोडण्याची पद्धत. बाहेरच्या विजेवर चालणारा दिष्टकारी, बॅटरी आणि टेलिफोनचा भार हे तिन्ही कायम समांतर जोडलेले. बाहेरची वीज आहे तोवर दिष्टकारी भारही पुरवतो आणि बॅटरीही भरलेली ठेवतो. वीज गेली की बॅटरी पुरवू लागते. त्यासाठी कोणतेही बटण दाबावे लागत नाही, कोणताही रिले हलावा लागत नाही. बदलच नाही, तर बदलताना होणारा बिघाडही नाही. गावात अंधार असतानाही जुना तारेचा टेलिफोन चालत असे त्याचे कारण हेच.

मग आजची यूपीएस एवढी गुंतागुंतीची का झाली? कारण एकदिश प्रवाहाची जागा प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली. आपली उपकरणे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर चालतात; बॅटरी तसा प्रवाह देऊ शकत नाही. १९३४ साली अमेरिकेत जॉन हॅनली यांना अखंड वीज देणाऱ्या यंत्रणेचे एकस्व मिळाले. त्या काळातला उपाय म्हणजे मोटर, जनित्र आणि जड चक्र एकाच आसावर फिरत ठेवणे. वीज गेली तरी चक्राच्या जडत्वामुळे जनित्र काही क्षण फिरत राहते. १९५७ साली अमेरिकेत पहिले वापरण्याजोगे थायरिस्टर तयार झाले आणि फिरत्या लोखंडाऐवजी स्थिर सिलिकॉनने एकदिश प्रवाहाचा प्रत्यावर्ती प्रवाह करता येऊ लागला. १९८० च्या दशकात आयजीबीटी हा अधिक चपळ स्विच आला. त्याच्या विकासात मद्रासमध्ये जन्मलेल्या जयंत बालिगा यांचा वाटा मोठा आहे. स्विच चपळ झाला तसे रोहित्र आणि गाळणीचे भाग लहान झाले, आणि पूर्वी खोलीभर असलेला इन्व्हर्टर ओढून काढता येईल अशा खणात मावू लागला. अशा अनेक खणांना एकाच पट्टीवर समांतर जोडायचे, ही झाली मॉड्यूलर यूपीएस.

रेल्वेने हीच वाट धरली. दिव्यांचे सिग्नल, रुळांवरची गाडी ओळखणारी मंडले आणि रिले आले तसे स्थानकावरच्या विजेची भूक वाढली. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या बॅटऱ्या आणि वेगवेगळे चार्जर ठेवण्याऐवजी एकत्रित वीजपुरवठा यंत्रणा आली. तिला रेल्वेचे लोक 'आयपीएस' म्हणतात. पोलिसांशी तिचा संबंध नाही. दोन व्होल्टचे ५५ घट एकसर जोडून ११० व्होल्टची एक बॅटरी, ती भरणारे सारख्या बनावटीचे अनेक दिष्टकारी खण, त्यांत गरजेपेक्षा एक जास्त. सिग्नलच्या दिव्यांसाठी इन्व्हर्टरची जोडी, एक चालू आणि एक तयारीत. रिले आणि ब्लॉक यंत्रांसाठी लहान दाबाचे आणखी खण. बॅटरी निम्मी उतरली की स्टेशनमास्तरासमोर जनित्र सुरू करण्याची सूचना, साठ टक्क्यांना तातडीची सूचना, सत्तर टक्क्यांना सिग्नलचे दिवे बंद. इतर एकदिश पुरवठा मात्र पुढे चालू. सिग्नल विझला तर चालकाने तो धोक्याचाच समजायचा असतो. टोकन यंत्रातही वीज गेली की गोळा अडकून राही, गाडी थांबे. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन यांनी शोधलेल्या रूळ-मंडलातही प्रवाह तुटला की सिग्नल लाल होतो. रेल्वेत वीज जाणे म्हणजे थांबणे, आणि थांबणे म्हणजे सुरक्षित. ही चैन सगळ्यांना परवडत नाही. शस्त्रक्रिया अर्ध्यावर थांबवता येत नाही आणि अणुभट्टी बंद केली तरी तिची उष्णता बंद होत नाही.

आता थोडे गणित करू. ते न करताच 'खण जास्त म्हणजे भरवसा जास्त' असे धरून चालण्याची प्रथा आहे.

एखादा खण कोणत्याही क्षणी बिघडलेला असण्याची शक्यता १०० त २ आहे असे माना. (आकडा सोयीसाठी घेतला आहे, प्रत्यक्षात तो पुष्कळ लहान असतो.) सगळा भार एकाच मोठ्या संचावर असेल तर वीज नसण्याची शक्यता २ टक्के. आता त्याच ताकदीचे चार लहान खण केले आणि चारही लागतातच, तर चारही चालू असण्याची शक्यता ०.९८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.९२२. याचा अर्थ बिघाडाची शक्यता २ वरून जवळजवळ ८ टक्क्यांवर गेली. नुसते तुकडे केल्याने नुकसानच झाले! आता पाचवा खण राखीव ठेवा. पाचपैकी किमान चार चालू असण्याची शक्यता ०.९९६ येते, बिघाड ०.४ टक्क्यांवर उतरतो. म्हणजे भरवसा वाढवतो तो राखीव खण. तुकडे केल्याने एवढेच होते की राखीव खण स्वस्तात ठेवता येतो आणि यंत्रणा चालू असतानाच बिघडलेला खण बदलता येतो. आणखी एक, सहावा खण ठेवला तर शक्यता ०.०२ टक्क्यांच्याही खाली जाते.

या गणितात एक गृहीत दडलेले आहे. प्रत्येक खण स्वतंत्रपणे बिघडतो असे आपण मानले. सगळ्या खणांना एकाच वेळी आडवे करणारे एखादे कारण असेल, आणि त्याची शक्यता केवळ १ टक्का असेल, तर पाच खण ठेवा की पन्नास, बिघाडाची शक्यता १ टक्क्याखाली येणार नाही. एकच पंखा, एकच नियंत्रक तार, एकच बॅटरी, एकच खोली, एकच चूक असलेला आराखडा.

हे कागदी भय नाही. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, कंपनांनी जनित्रातला हायड्रोजन सुटला आणि आग लागली. केंद्रात राखीव व्यवस्था होत्या. पण मुख्य आणि राखीव तारा पुरेशा विलग न ठेवता एकत्रच नेलेल्या होत्या, आणि त्या एकत्रच जळाल्या. सुमारे १७ तास केंद्र विजेविना होते. अणुभट्टी वेळीच बंद झाली होती, तरी तिची उरलेली उष्णता काढायला पाणी हवे होते. ते डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी दिले. भट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून बोरॉनचे द्रावण सोडायचे होते, त्यासाठी कर्मचारी हातात बॅटरीचे दिवे घेऊन अंधाऱ्या इमारतीत वर चढले आणि हाताने झडपा उघडल्या. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या कर्मचाऱ्यांची नावे शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

स्वीडनमधल्या फॉर्समार्क केंद्रातली २५ जुलै २००६ ची घटना तर थेट यूपीएसचीच आहे. तिथे एकमेकांपासून स्वतंत्र असे चार विभाग, प्रत्येकाला आपली बॅटरी, आपला इन्व्हर्टर आणि आपले डिझेल जनित्र. बाहेरच्या ४०० किलोव्होल्ट आवारात देखभालीचे काम चालू असताना शॉर्ट सर्किट झाले, दाब आधी कोसळला आणि मग नेहमीपेक्षा वर उसळला. चारपैकी दोन यूपीएस बंद पडल्या. बॅटरी भरलेल्या होत्या, जनित्रे सुरूही झाली; पण जनित्र भाराला जोडण्याचा आदेश देणारे मंडल त्याच यूपीएसवर चालत होते, म्हणून दोन जनित्रे फिरत राहिली आणि वीज पोहोचली नाही. सुमारे २२ मिनिटांनी चालकांनी ती हाताने जोडली. मूळ दोष असा होता की दाब वाढल्यावर आधी दिष्टकाऱ्याने बंद पडून मागच्या इन्व्हर्टरला वाचवायचे. पण दोघांच्या मर्यादांचा मेळ नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे इन्व्हर्टरही बंद पडला. हा दोष चारही संचांत सारखाच होता. दोन वाचले तो योगायोग.

फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीचे पाणी तळघरात शिरले आणि पहिल्या दोन भट्ट्यांच्या बॅटऱ्याही बुडाल्या. मोजयंत्रे वाचण्यासाठी कर्मचाऱ्यांनी मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि १२ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकसर जोडून झडपांसाठी १२० व्होल्ट तयार केले. टोकन यंत्राच्या पेटीतली जुनी युक्ती तिथे पुन्हा कामी आली. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, म्हणजे फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीहूनही थोड्या आधीच्या आहेत, हे सांगितले की विद्यार्थ्यांना ही गोष्ट दूरची वाटत नाही. मुंबईनेही १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास असाच अनुभव घेतला. कळव्याकडे येणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराला बेटासारखे वेगळे करून वाचवण्याची योजना असूनही लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या.

खणांच्या यंत्रणेत बिघाड शोधण्याकडे आता परत येऊ. कपाटावर लाल दिवा लागला. तिसरा खण म्हणतो 'मी बिघडलो'. खणाचे म्हणणे खरे मानावे का? समांतर जोडलेले खण भार सारखा वाटून घेण्यासाठी सतत एकमेकांशी बोलत असतात. एका खणाचे दाब मोजण्याचे मंडल थोडे कमी दाखवू लागले तर तो आपला दाब वाढवतो आणि शेजाऱ्यांमध्ये प्रवाह ढकलतो. ओरडतो तो शेजारी, कारण अतिरिक्त प्रवाह त्याला जाणवतो. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ प्रथम नोंदवही उघडतो आणि कोणती सूचना सर्वांत आधी आली ते पाहतो. मागून आलेल्या सूचना बहुधा पहिलीचे परिणाम असतात. मग तो तिसरा आणि चौथा खण यांची अदलाबदल करतो. लाल दिवा खणाबरोबर चौथ्या जागी गेला तर दोष खणात. तिसऱ्या जागीच राहिला तर दोष मागच्या जोडणीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे तसेच ठेवायचे, हेच तर आपण प्रयोगवहीत 'नियंत्रित प्रयोग' म्हणून शिकवतो. आमच्या माहितीतल्या एका प्रयोगशाळेत एकाच जागेवरचा खण तीनदा नवा आणून बसवला गेला. चौथ्या वेळी कोणीतरी अदलाबदल करून पाहिली, तेव्हा मागच्या कनेक्टरची एक पिन काळवंडलेली सापडली. तारेवरच्या अर्ध्या-अर्ध्या तपासणीलाही मर्यादा आहेत हे इथे सांगितले पाहिजे: दोन बिघाड एकाच वेळी असतील, किंवा बिघाड मधूनच येऊन मधूनच जात असेल, तर ती पद्धत फसवते. पंख्यात साचलेली धूळ, सरकी काढण्याच्या कारखान्याजवळ असाल तर कापसाचा तंतू, उन्हाळ्यात दुपारी तीनला येणारा आणि संध्याकाळी नाहीसा होणारा दोष, हे सगळे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. (असली कपाटे उघडणे हे आपले काम नव्हे. आतल्या बॅटरीचा एकदिश दाब कित्येकदा चारशे व्होल्टच्या आसपास असतो आणि मुख्य बटण बंद केले तरी तो जात नाही.)

तरीही बहुतेक वेळा दगा देते ती बॅटरीच. खण कितीही राखीव ठेवा, ५५ घटांच्या एकसर रांगेतला एक घट तुटला की सगळी रांग निकामी. शिवाय बॅटरी काम करीत नाही तोवर तिचा दोष दिसतही नाही; वर्षभर दिष्टकारी भार उचलतो, आणि ज्या रात्री गरज पडते त्याच रात्री कळते. वऱ्हाडात याला उन्हाची जोड आहे. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य तापमानात साधारण दहा अंशांची वाढ झाली की निम्मे होते. कागदावर २५ अंशांना दहा वर्षे टिकणारी बॅटरी ४५ अंशांच्या खोलीत अडीच वर्षांची धनी. अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे अनेक तास भारनियमन चाले, तेव्हा घरोघरी इन्व्हर्टर आले. रोज खोलवर उतरणाऱ्या बॅटऱ्या पुरत्या भरायला वेळ मिळेना, पट्ट्यांवर शिसे सल्फेटचे कठीण स्फटिक बसत गेले आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्या भंगारात गेल्या. त्याच काळात गावठाणाला दिव्यांपुरता एकफेजी पुरवठा ठेवत, आणि शेतकरी कपॅसिटर लावून तीनफेजी पंप त्यावरच फिरवत. पारसचे औष्णिक केंद्र जिल्ह्यातच असताना ही पाळी का आली हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. पण वीज जाळ्यात मिसळली की ती शेजाऱ्याची राहत नाही.

बॅटरीला टाळताही येते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लस ठेवण्यासाठी जी बर्फाच्या अस्तराची शीतपेटी असते ती चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी २ ते ८ अंशांत राहते. तिथे विजेऐवजी थंडीच साठवलेली असते, बर्फाच्या अप्रकट उष्म्याच्या रूपाने. यात बिघडण्यासारखा इन्व्हर्टर नाही आणि शोधण्यासारखा घटही नाही. साठवायचे काय, वीज की तिचे फळ, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जावा असे आम्हाला वाटते. पाण्याची उंच टाकीही याच जातीची.

अकोला-अकोट मीटरगेज २०१७ साली बंद झाली आणि २०२२ मध्ये तिथे ब्रॉडगेजवरून गाडी धावली. त्यापुढचा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून, हिवरखेड, सोनाळा, जामोद असा वळवण्याचे ठरले. नव्या स्थानकांच्या सिग्नलांना गोळा आणि लाकडी पेटी लागत नाही. तरी ५५ घटांतला अशक्त घट कोणता हा प्रश्न तोच राहतो, आणि तो वर्गात दाखवता येतो.

टॉर्चचे चार सेल घ्या: तीन नवे, एक बराच वापरून संपत आलेला. एकसर जोडून सहा व्होल्टचा लहान दिवा लावा. आधी दिवा न जोडता प्रत्येक सेलचा दाब व्होल्टमीटरने मोजा. जुना सेल १.२ व्होल्टच्या आसपास दाखवेल, म्हणजे फारसा वाईट दिसणार नाही. आता दिवा लावून पुन्हा मोजा. समजा दिव्याचा रोध २० ओहम, नव्या सेलचा अंतर्गत रोध प्रत्येकी अर्धा ओहम आणि जुन्याचा १२ ओहम आहे. एकूण दाब ५.७ व्होल्ट, एकूण रोध ३३.५ ओहम, प्रवाह ०.१७ अँपिअर. जुन्या सेलच्या आतच १२ गुणिले ०.१७, म्हणजे दोन व्होल्टहून थोडा जास्त दाब खर्ची पडतो, पण त्याच्याजवळ आहेत १.२. मीटरचा काटा शून्याच्या पलीकडे, उलट्या बाजूला जाईल! तो सेल वीज देत नाही, घेतो आहे. आता तो काढून त्या जागी तार जोडा. दाब ४.५ व्होल्ट, रोध २१.५ ओहम, प्रवाह ०.२१ अँपिअर. चार सेलांपेक्षा तीन सेलांवर दिवा अधिक उजळ दिसेल. विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगा, मग सेल काढा. हा प्रयोग साध्या टॉर्च सेलांवरच करावा, मोटारीच्या किंवा मोबाइलच्या बॅटरीवर करू नये. जुना सेल उलटा भरत ठेवला तर तो फुटून गळतो, तेव्हा मापन झाले की मंडल लगेच तोडावे.